सरपण कुरिअरने मागवताना: खोक्यात लाकूड किती, पाणी किती आणि हवा किती

व्हिडिओ कॉलवर बाबांना दारातलं खोकं दाखवलं, पुठ्ठ्याचं, प्लास्टिकच्या पट्ट्या मारलेलं, वर ३० किलोचं लेबल. काय मागवलंस एवढं जड? म्हटलं, सरपण. दोन सेकंद नेट अडकलंय असंच वाटलं, मग हसू ऐकू आलं. "अरे, कुरिअरने सरपण?"

त्यांचं हसणं बरोबरच आहे. त्यांच्या लहानपणी लाकडाच्या वखारीतून हातगाडीवर मणाच्या हिशोबाने बंबफोड यायची, आणि त्यांची आई, म्हणजे माझी आजी, ती उतरवून घेताना दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघायची. मी राहतो जर्मनीत, स्टुटगार्टच्या बाजूच्या गावात, भाड्याच्या घरात दुसऱ्या मजल्यावर. हॉलमध्ये काचेच्या दाराची लोखंडी शेगडी आहे, इथे तिला कामिनओफन म्हणतात. इथे नव्याने आलेले बरेच मराठी लोक हिवाळा तोंडावर आला की तेच ते प्रश्न विचारतात, की लाकडं ऑनलाइन घ्यावी का, लाकडात १८ टक्के पाणी म्हणजे काय, एकाच्या साइटवर मीटरमध्ये भाव आणि दुसऱ्याच्या किलोत असं का. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतोय.

आधी एक युनिट समजून घ्या

लाकूड आपण उष्णतेसाठी घेतो, त्यामुळे मोजायची ती उष्णताच. ती किलोवॅट-अवरमध्ये मोजतात, आणि हा शब्द बघून घाबरू नका, महावितरणच्या बिलावर जे 'युनिट' असतं ना तेच हे. हजार वॅटचा हीटर तासभर चालला की एक युनिट. पुढे सगळीकडे मी युनिटच म्हणणार आहे.

नीट वाळलेल्या एक किलो लाकडात साधारण ४ युनिट उष्णता असते, म्हणजे ३० किलोच्या खोक्यात १२० युनिट. आपल्या घरचा १४.२ किलोचा गॅस सिलेंडर धरला तर त्यात १८० च्या आसपास असतात. थोडक्यात माणसाची कंबर धरेल एवढं जड खोकं आणि आत दोन तृतीयांश सिलेंडर.

त्यातही सगळं घरात येत नाही, काही धुराड्यातून वर जातं. चांगली शेगडी पाऊण हिस्सा किंवा थोडी जास्त उष्णता खोलीला देते. सहा किलोवॅटची शेगडी जोरात चालवली तर तासाला दोन किलोच्या आसपास लाकूड खाते, मग एक खोकं किती पुरेल? पंधरा तास, म्हणजे चार संध्याकाळी. अख्खा हिवाळा खोक्यांवर काढायचं मनात असेल तर हा आकडा आधी पचवा.

पाणी: पैसे देऊन घेतलेलं

नुकत्याच तोडलेल्या झाडात वजनाच्या जवळपास निम्मं पाणीच असतं. असं ओलं लाकूड पेटवलं की पहिली उष्णता ते पाणी उकळून वाफ करण्यात जाते, खोली नंतर. तोट्याचा हिशोब दोन बाजूंनी होतो. वजनात लाकूड कमी भरतं आणि जे भरतं त्यातली थोडी उष्णता पाण्याला जाते. अर्धं पाणी असलेल्या लाकडात किलोमागे ४ ऐवजी २.२ युनिटच उरतात.

बरं, चांगल्या लाकडातही पाणी असतंच. २० टक्के पाणी असलेल्या ३० किलोच्या खोक्यात ६ लिटर पाणी आहे, आणि ते उचलून आणण्याचे पैसे कुरिअरवाल्याने तुमच्याकडूनच घेतलेत. ओल्या लाकडात हेच १५ लिटर. बिसलेरीच्या पंधरा बाटल्या कोणी पार्सलने मागवतं का, पण इथे लोक मागवतात आणि त्यांना कळतही नाही.

आता तो टक्क्यांचा घोळ. जर्मनीत पाणी मोजायच्या दोन पद्धती आहेत आणि दोन्हींना टक्केच म्हणतात. कणकेचं उदाहरण घ्या. ८०० ग्रॅम पीठ, २०० ग्रॅम पाणी (एवढ्या पाण्यात पोळीची कणीक भिजत नाही हे मलाही माहितीये, हिशोबापुरतं चालवून घ्या). पाणी एकूण गोळ्याच्या किती? १००० मध्ये २०० म्हणजे २० टक्के. आणि नुसत्या कोरड्या पिठाच्या किती? ८०० ला २०० म्हणजे २५ टक्के. गोळा तोच, आकडे दोन. पहिल्या मोजणीला इथे वासरगेहाल्ट म्हणतात, दुसरीला होल्त्सफॉयश्टं. जर्मन कायद्याने घरगुती शेगडीत जाळायचं लाकूड दुसऱ्या पद्धतीने २५ टक्क्यांच्या आत हवं, म्हणजे पहिल्या पद्धतीने २०. दुकानदाराला जो आकडा लहान दिसतो तो तो छापतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. आणि आपल्याकडे जे हातातलं मीटर मिळतं, दोन सुया टोचायचं, ते बहुतेक दुसरा आकडा दाखवतं.

ते मीटर घ्याच, वीस-तीस युरोत येतं. माझ्या पहिल्या ऑर्डरचा किस्सा सांगतो. साइटवर लिहिलेलं, भट्टीत वाळवलेलं बीच झाडाचं लाकूड, १८ टक्क्यांच्या आत. खोकं आलं, वरच्या तुकड्याला सुया टोचल्या, १७. खूश झालो. तीन दिवसांनी काच काळी पडायला लागली, शेगडीतून बारीक सूं-सूं आवाज, तुकड्याच्या टोकाला फेस. मग शेजारच्या आजोबांनी कुऱ्हाड दिली, एक तुकडा मधोमध फोडला आणि आतल्या ताज्या बाजूला सुया लावल्या. २९. बाहेरून वाळलेलं, आतून ओलं, घाईत भाजलेल्या भाकरीसारखं. फोटो पाठवल्यावर दुकानाने पैसे परत केले, कुरकुर न करता, त्यावरून मला वाटतं असा फोटो पाठवणारा मी पहिला नव्हतो. तर नियम असा, मोजायचं ते नेहमी तुकडा फोडून, आतून.

मीटर नसेल तर दोन तुकडे एकमेकांवर आपटा. वाळलेलं खणखणीत वाजतं, ओलं थप्प. आजीची पद्धत, आणि ती अजून बरोबर आहे.

हवा: मीटरमधला भाव

किलोवर भाव असेल तर फसवणूक फक्त पाण्याची होते. मापावर भाव असला की त्यात हवा पण येते.

इथे लाकूड घनमीटरने विकतात, पण घनमीटर तीन प्रकारचे. फेस्टमीटर म्हणजे मधे अजिबात फट नसलेलं भरीव लाकूड, हा मुख्यतः जंगलखात्याच्या कागदावरचा. राउममीटर म्हणजे नीट रचलेली एक मीटर बाय एक मीटर बाय एक मीटरची थप्पी, त्यात साधारण ७० टक्के लाकूड, बाकी फटी. आणि शुट्टराउममीटर म्हणजे ट्रॉलीतून नुसतं ओतलेलं, त्यात निम्म्याहून जास्त हवाच. बेसनाचा डबा आपटून भरलेला, चमच्याने भरलेला आणि चिवड्याचं फुगवलेलं पाकीट, असा हा फरक. दोन साइट्सचा भाव शेजारी ठेवून 'हा स्वस्त आहे' म्हणण्याआधी मीटर कुठला ते बघा, बारीक अक्षरात असतो.

झाडाची जात पण इथेच कामाला येते. बीच हे जड लाकूड, स्प्रूस हलकं. लोक म्हणतात बीच जास्त तापतं. मापाने घेतलं तर खरंय, रचलेल्या एका मीटरमध्ये वाळलेल्या बीचचे २००० च्या वर युनिट भरतात आणि स्प्रूसचे १५०० च्या आसपास. पण किलोने घेतलं तर दोन्ही जवळपास सारखेच, उलट स्प्रूस राळेमुळे केसभर पुढे. पार्सल किलोवर येतं, त्यामुळे खोक्यावर 'अस्सल बीच' छापून दोन युरो जास्त मागितले तर ते पैसे उष्णतेचे नाहीत. बीच शांत जळतं, तडतडत नाही, निखारा जास्त वेळ टिकतो, त्याचे द्यायचे असतील तर खुशाल द्या.

मग पार्सल परवडतं तरी कोणाला

आकडे गोल घेतो, हिशोब समजायला. समजा ३० किलोचं खोकं घरपोच २७ युरोला, १२० युनिट, म्हणजे युनिटला साडेबावीस सेंट. समजा जवळचा शेतकरी रचलेला एक मीटर बीच १५० युरोला देतोय, २००० युनिट, म्हणजे साडेसात सेंट. तिप्पट फरक. तो तिप्पट भाव लाकडाचा नाहीये, तो पुठ्ठा, ट्रक, आणि तीन जिने चढणाऱ्या माणसाचा आहे. शेगडीतून जे वाया जातं ते धरलं तर घरात येणारं युनिट २९ सेंटच्या आसपास पडतं. तुमच्या गॅसच्या बिलावर युनिटचा दर असतो, तो शेजारी ठेवून बघा, बहुतेकांचा निम्म्याहून कमी निघेल.

म्हणून माझं मत सरळ आहे, हीटिंगचं बिल वाचवायला पार्सलचं सरपण मागवणं म्हणजे पेट्रोल वाचवायला टॅक्सीने जाणं. पण तुमच्याकडे तळघरात कपाटाएवढीच जागा आहे, शनिवारी संध्याकाळी पोरांसोबत शेगडीपुढे बसायचंय, किंवा फेब्रुवारीत साठा संपला आणि शेतकऱ्याकडेही वाळलेलं उरलं नाही, तर पार्सलला पर्याय नाही आणि त्यात लाज वाटायचंही कारण नाही. शेतकऱ्याची ट्रॉली स्वस्त खरी, पण तो दारात ओतून जातो, वर नेणं-रचणं तुमच्याकडे, आणि ओलं स्वस्तात घेतलं तर दीड-दोन वर्षं हवेशीर जागी वाळवायला ठेवावं लागतं. भाड्याच्या घरात ती जागा कुठली.

पार्सलच घ्यायचं असेल तर फोडलेल्या लाकडापेक्षा ब्रिकेट्स बघा. ब्रिकेट म्हणजे लाकडाचा भुसा आणि छिलपे प्रचंड दाबाखाली ठोकून केलेली वीट. साखर कारखान्यांच्या पट्ट्यातल्या लोकांनी बॉयलरसाठीचे बगॅसचे, म्हणजे उसाच्या चिपाडाचे, ब्रिकेट्स पाहिले असतील, तीच कल्पना. यात पाणी १० टक्क्यांच्या आत, त्यामुळे किलोला ५ च्या जवळ युनिट आणि जागा जवळपास निम्मी लागते. दहा-दहा किलोचे पॅक येतात, एका हाताने जिना चढता येतो. ज्या मालाला मैलामैलाचं भाडं बसतं तो जितका कोरडा आणि घट्ट तितका चांगला, कोकणातून सुकं खोबरं मागवता तसं. एक सांभाळा, ब्रिकेट पेटल्यावर फुगतात, शेगडी गच्च भरू नका.

पेलेट्स पण लाकडाचेच ना?

हो, पण हा प्रश्न विचारून बरं केलंत. पेलेट म्हणजे ६ किंवा ८ मिलिमीटर जाडीच्या भुशाच्या गोळ्या, १५ किलोच्या पिशवीत येतात. पिशवीवर ईएनप्लस ए-१ हा शिक्का असला तर पाणी १० टक्क्यांच्या आत आणि राख ०.७ टक्क्यांच्या आत. माल उत्तम. पण त्यांना पेलेटची शेगडी लागते, जिच्यात मोटर थोड्या-थोड्या गोळ्या आत ढकलते आणि पंखा हवा देतो. साध्या लाकडाच्या शेगडीत पिशवी ओतली तर हवा मिळत नाही, नुसता धूर होतो आणि नियमातही बसत नाही. तुमच्या शेगडीच्या पुस्तिकेत काय जाळायला परवानगी आहे ते लिहिलेलं असतं, ऑर्डरच्या आधी ते एक पान वाचा.

पेलेट्स बहुतेक पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटीवर, येतात, ६५ पिशव्या म्हणजे ९७५ किलो, आणि अटीत लिहिलेलं असतं 'फ्राय बोर्डश्टाइनकांटं', म्हणजे फुटपाथच्या कडेपर्यंत. ट्रकवाला रस्त्यावर ठेवून जातो. एका ओळखीच्यांनी हे न वाचता मागवलं, संध्याकाळी पाऊस आला, आणि नवरा-बायको आणि वरच्या मजल्यावरचा एक विद्यार्थी असे तिघं रात्री साडेदहापर्यंत पिशव्या वाहत होते. सुट्या पार्सलचं मात्र तसं नाही, डीएचएल या कुरिअर कंपनीची घरगुती पार्सलची मर्यादा साडेएकतीस किलो आहे, म्हणून तर बहुतेक खोकी २५ ते ३० किलोचीच दिसतात.

ओलं जाळलं तर काय होतं एवढं?

आपल्याकडे म्हण आहे, सुक्याबरोबर ओलंही जळतं. जळतं, पण धुराड्याला त्याची किंमत द्यावी लागते.

लाकूड थेट जळत नाही. आधी आतलं पाणी उडतं, मग तापून लाकडातून वायू निघतात आणि ते वायू पेटतात, ती ज्वाळा. लाकडाचा मोठा हिस्सा असा वायू होऊनच जळतो, शेवटी राहतो तो कोळसा. पाणी जास्त असलं की आग थंड राहते, वायू पुरते पेटत नाहीत आणि तसेच वर जाऊन धुराड्याच्या गार भिंतीला डांबरासारखे चिकटतात. हा चकचकीत काळा थर एखाद्या दिवशी स्वतःच पेट घेतो. धुराड्याला लागलेली आग हजार अंशांच्या आसपास जाते, आणि त्यावर पाणी ओतायचं नसतं, कारण वाफेच्या दाबाने धुराडं फुटू शकतं. सरळ फायर ब्रिगेडला फोन.

म्हणूनच इथे शॉर्नश्टाइनफेगर, म्हणजे धुराडं साफ करणारा, हा जवळपास सरकारी माणूस आहे. काळा ड्रेस घालून येतो, जर्मन लोक त्याला शुभशकुन मानतात, आणि सात वर्षांत दोनदा घरातली प्रत्येक शेगडी तपासून जातो, लाकडाचा ओलावासुद्धा. जुन्या शेगड्यांचा विषय पण त्याच्याकडेच. २२ मार्च २०१० च्या आधी मान्यता मिळालेल्या आणि धुराची नवी मर्यादा न पाळणाऱ्या शेगड्यांना ३१ डिसेंबर २०२४ ही शेवटची तारीख होती, सुधारा नाहीतर बंद करा. भाड्याच्या घरात जुनी शेगडी असेल तर सरपणाच्या आधी मालकाला तिचा कागद मागा, उगाच खोकी येऊन पडायची.

पण हे पर्यावरणाला चांगलं की वाईट?

दोन्ही बाजूंचे लोक इथे भांडतात. झाडाने वाढताना हवेतून घेतलेला कार्बन जळताना परत जातो, म्हणून कोळशा-गॅसपेक्षा बरं, हे एका मर्यादेत खरं आहे, तोडलं त्या जागी परत झाड वाढलं तर. पण धुरातल्या बारीक कणांचा हिशोब वेगळा, ते फुप्फुसात जातात, आणि जर्मनीचं पर्यावरण खातं घरात लाकूड जाळणं शक्यतो टाळा असंच सांगतं. चुलीपुढे खोकणारी आजी ज्यांनी पाहिलीये त्यांना हे वेगळं सांगायला नको. कोरडं लाकूड, नवी शेगडी आणि पुरेशी हवा असली तर धूर खूप कमी होतो, संपत मात्र नाही. मी आठवड्यातून दोनदा पेटवतो आणि समोरच्या घरात लहान बाळ आलं तेव्हापासून वारा त्यांच्या बाजूला असला की पेटवत नाही. इतपतच माझी नैतिकता.

पेटवताना एक गंमत, इथे आग वरून लावतात. खाली जाड तुकडे, वर बारीक ढलप्या, आणि काडी सगळ्यात वर. आपण आयुष्यभर खालून पेटवून फुंकणी मारली, त्यामुळे हात पटकन वळत नाही, पण वरून लावलं की निघणारे वायू ज्वाळेतून जातात आणि जळून जातात. धूर खरंच कमी होतो, करून बघा.

पैसे गेले आणि लाकूड आलंच नाही तर

२०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, गॅसची भीती पसरली आणि सगळे लाकडावर तुटून पडले. आदल्या वर्षी टनाला अडीचशे युरोच्या आसपास असलेले पेलेट्स त्या शरद ऋतूत सातशेच्या वर गेले. त्याच वेळी खोट्या वेबसाइट्सचं पीक आलं, फोटो झकास, भाव बाजाराच्या निम्मा, पैसे आधी बँकेत टाका, आणि मग सन्नाटा. ग्राहक सल्ला केंद्रांनी, म्हणजे फरब्राउखरत्सेंट्रालंने, तेव्हा लाकूड-पेलेटच्या खोट्या दुकानांबद्दल इशारे दिले होते. त्यांच्या साइटवर 'फेकशॉप फाइंडर' आहे, दुकानाचा पत्ता टाकला की ते संशयास्पद आहे का सांगतं, फुकट.

मी स्वतः एवढंच बघतो: फक्त बँक ट्रान्सफर घेत असेल तर नको, 'इम्प्रेसुम' म्हणजे मालकाचं नाव-पत्ता असलेलं पान नसेल तर नको, आणि ऐन जानेवारीत भाव बाकीच्यांच्या निम्मा असेल तर अजिबातच नको. खऱ्या दुकानातून ऑनलाइन घेतलं तर १४ दिवसांत परत करायचा हक्क आहे, पण नुसतं मन बदललं म्हणून ३० किलो परत पाठवायचं भाडं बहुतेक वेळा आपल्यावरच येतं, म्हणून पहिल्यांदा एकच खोकं मागवा, फोडा, मोजा, मग पुढचं.

खोकं दारात आल्यावर

घरी नसलात तर इथे पार्सल शेजाऱ्याकडे देतात. माझं एकदा खालच्या ७८ वर्षांच्या आजींकडे ठेवलं, आणि त्यांनी ते पायाने सरकवत-सरकवत जिन्यापर्यंत आणलेलं, तेव्हापासून मी तारीख बघूनच मागवतो आणि घरी थांबतो. आणणाऱ्याला दोन युरो द्या, तो माणूस दिवसभर हेच उचलतोय.

प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं असेल तर लगेच कापून मोकळं करा, नाहीतर आत घाम सुटून बुरशी येते. दमट तळघरात भट्टीतलं लाकूडसुद्धा परत पाणी ओढतं, पावसाळ्यात पापड मऊ पडतात तसं, म्हणून आठवड्यापुरतं वर हॉलमध्ये आणून ठेवा, पण शेगडीला चिकटवून नको. आणि ज्या खोक्यातून आलं ते खोकं शेगडीत टाकू नका. पुठ्ठा, रंगवलेली फळी, प्लायवूड यातलं काहीच चालत नाही, पुठ्ठा कागदाच्या कचऱ्याच्या डब्यात.

राहिली राख. ती दोन दिवस तरी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात गार होऊ द्यायची, आत निखारा जिवंत राहतो, आणि मग साध्या कचऱ्याच्या डब्यात. हे बाबांना सांगितलं तर परत दोन सेकंद शांतता. "फेकता? मग भांडी कशानं घासता?"